घर पूर्ण कोणी करायचं?



या मालेत आपण आतापर्यंत सौंदर्याचा विचार बहुतेक पुस्तकांच्या आणि चित्रांच्या आधारानं केला. आज तोच विचार राहत्या घरात न्यायचा आहे. विषय आहे इंटिरिअर डिझायनरचं काम. यात तत्त्वज्ञानाच्या माणसानं का पडावं, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडला असेल, आणि तो रास्त आहे. माझं उत्तर साधं आहे. एक माणूस दुसऱ्याच्या घरात जातो आणि त्यानं कुठे बसायचं, कुठे झोपायचं, चष्मा कुठे ठेवायचा, देव कुठे मांडायचे हे ठरवतो. त्याबद्दल पैसे घेतो. ‘सुंदर म्हणजे काय’ आणि ‘दुसऱ्यासाठी आपण किती ठरवावं’ हे दोन प्रश्न एकमेकांत इतके गुंतलेले आहेत असं दुसरं काम मला तरी चटकन आठवत नाही.

दुसरं कारण असं की, आपल्याकडे नाटकावर समीक्षा होते, सिनेमावर होते, हल्ली मिसळीवरही लोक हिरिरीनं लिहितात. पण ज्या कामावर माणूस आपली अनेक वर्षांची बचत घालतो, त्या घराच्या आतल्या कामावर समीक्षा जवळजवळ नाही. फोटो आहेत, जाहिराती आहेत, कौतुक आहे. हे काम चांगलं की वाईट, आणि ते कशावरून ठरवायचं, याची चर्चा नाही. ती थोडी करून पाहू.

सुरुवात एका गोष्टीपासून करतो. १९०० साली व्हिएन्नाच्या एका वर्तमानपत्रात आडोल्फ लोस या वास्तुकारानं एक छोटी उपरोधिक गोष्ट लिहिली. एका गरीब श्रीमंत माणसाची गोष्ट. या माणसाकडे सगळं आहे : पैसा, बायको, मुलंबाळं. एके दिवशी त्याला स्वतःलाच जाणवतं की आपल्याकडे कला नाही. झालं! तो एका नामांकित वास्तुकाराकडे जातो आणि म्हणतो, माझ्या घरात कला आणा, खर्चाची चिंता करू नका. वास्तुकार येतो, जुनं सगळं बाहेर काढतो, सुतार, गवंडी, रंगारी, मूर्तिकार यांची फौज आणतो आणि घर पूर्ण करून देतो. प्रत्येक वस्तूला तिची जागा. कुठली वस्तू कुठे ठेवायची, हे यजमानाला अभ्यास करून शिकावं लागतं.

मग येतो त्याचा वाढदिवस. बायकामुलं भेटी देतात. त्या कुठे मांडायच्या हे विचारायला तो वास्तुकाराला बोलावतो. वास्तुकार आत येतो, आणि त्याची नजर यजमानाच्या पायांकडे जाते. या सपाता कसल्या घातल्यात? यजमान म्हणतो, अहो, तुम्हीच तर आखून दिल्यात. हो, पण त्या शयनगृहासाठी! इथल्या रंगांचा पार विचका झाला. बिचारा सपाता काढतो. आणि भेटवस्तूंचं? वास्तुकार भडकतो. भेटी स्वीकारल्याच कशा? मी सगळं दिलंय ना? तुम्हांला आता कशाचीही गरज नाही, तुम्ही पूर्ण झालात. यजमान चाचरत विचारतो, नातवंडानं शाळेत काही करून आणलं तर? तेसुद्धा घ्यायचं नाही. तिथे त्या माणसाच्या लक्षात येतं की आता आपल्याला काही हवंसं वाटण्याची सोयच उरली नाही. जिवंतपणी आपण संपलो.

गोष्ट विनोदी आहे आणि लोसचा रोख त्या काळच्या कलापंथी वास्तुकारांवर होता. इमारतीपासून चमच्यापर्यंत सगळं एकाच हातानं, एकाच शैलीत करण्याची तेव्हा टूम होती. पण गोष्टीतला शब्द नीट बघा. ‘पूर्ण’. आपण मराठीत सहज म्हणतो, घराचं काम पूर्ण झालं. काम पूर्ण होणं आणि घर पूर्ण होणं यांत फरक आहे. काम पूर्ण झालंच पाहिजे. नळ गळता कामा नये, बटण दाबलं की दिवा लागला पाहिजे, कपाटाचं दार नीट मिटलं पाहिजे. पण घर पूर्ण झालं म्हणजे त्यात राहणाऱ्याला करण्यासारखं काही उरलं नाही. माझं आजचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं : चांगला डिझायनर काम पूर्ण करतो आणि घर अपुरं ठेवतो. आता याला आधार काय, ते पाहू.

आधी लोसवर थोडी टीका केली पाहिजे, कारण त्यानं सगळा दोष वास्तुकाराच्या माथी मारला आहे. गोष्टीतला यजमान काय म्हणाला होता? कला आणा, खर्चाची चिंता नको. म्हणजे आपल्याला काय आवडतं हे शोधायचे कष्ट त्याला नको होते. इमान्युएल कांटनं १७९० सालच्या आपल्या ग्रंथात एक मार्मिक मुद्दा मांडला आहे. एखादी वस्तू सुंदर आहे हे मला स्वतः पाहून, स्वतः ठरवावं लागतं. दुसऱ्या शंभर जणांना ती आवडली म्हणून मला ती सुंदर वाटत नाही. रुचीच्या बाबतीत दुसऱ्याचं मत उसनं घेऊन भागत नाही. आता आपला आजचा यजमान बघा. तो डिझायनरकडे जातो तेव्हा मोबाइलमध्ये चाळीस फोटो असतात. हे किचन, हा हॉल, ही मुलाची खोली. ‘असंच करून द्या.’ हे चाळीस फोटो कुणाच्या घराचे, कुठल्या हवामानातले, त्या घरात फोडणी होते की नाही, काही माहीत नाही. डिझायनरनं मग काय करायचं? पुष्कळदा तो मुकाट्यानं फोटो उतरवून देतो, कारण त्यालाही पोट आहे. तेव्हा गोष्टीतला सपाता काढायला लावणारा वास्तुकार आपल्याला जितका दिसतो, तितकाच तो यजमानही दिसला पाहिजे. आपलं घर आपण होऊनच त्यानं दुसऱ्याच्या हवाली केलं होतं.

आता याच शहरातलं दुसरं उदाहरण. हे प्रत्यक्ष घडलेलं आहे आणि ते एका तत्त्वज्ञाचं आहे. लुडविग विटगेनस्टाइन. त्यांचा पहिला ग्रंथ १९२१ साली प्रसिद्ध झाला. तत्त्वज्ञानातले प्रश्न आता मुळात सुटले असं मानून ते खेड्यात शाळामास्तर झाले. ते १९२६ साली सुटलं. त्याच सुमारास त्यांची बहीण मार्गारेट हिचं व्हिएन्नात घर व्हायचं होतं. आराखडा पाउल एंगलमन यांचा, आणि हे एंगलमन लोसचेच विद्यार्थी. विटगेनस्टाइन त्या कामात शिरले आणि हळूहळू सगळं त्यांच्या हातात गेलं. १९२८ साली घर झालं.

बाहेरचा आराखडा बराचसा एंगलमन यांचा, पण आतलं घर विटगेनस्टाइन यांचं. दारांच्या मुठी, खिडक्यांच्या कड्या, खोली गरम ठेवणारे रेडिएटर, सगळं त्यांनी आखलं. अशा वस्तू घडवून घ्यायला महिनेच्या महिने गेले. गालिचे नकोत, पडदे नकोत, झुंबर नको. छताला नुसता उघडा दिवा. आणि सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट म्हणजे, घर झाडून-पुसून घ्यायची वेळ आली असताना त्यांनी एका मोठ्या दालनाचं छत तीन सेंटीमीटर वर घ्यायला लावलं. तीन सेंटीमीटर म्हणजे आपल्या बोटाची दोन पेरंसुद्धा नाहीत. प्रमाण बिघडत होतं, म्हणून.

या तीन सेंटीमीटरकडे आपण कसं पाहायचं? मी अनेक वर्षं विद्यार्थ्यांना हा प्रसंग सांगत आलो, आणि वर्ग दरवेळी दोन भागांत फुटतो. काही म्हणतात, ही निष्ठा. काही म्हणतात, हा अहंकार, आणि तोही बहिणीच्या पैशानं. मला वाटतं दोन्ही खरं आहे, पण पुढचा भाग अधिक महत्त्वाचा. दुसरी बहीण हर्मिने हिनं आठवणींत लिहून ठेवलंय की घर तिला थोर वाटलं, पण तिथे आपण राहू शकणार नाही हेही जाणवलं. माणसांपेक्षा देवांनी राहावं असं ते होतं. आणि मार्गारेटनं काय केलं? ती तिथे राहायला गेली आणि तिनं आपलं वेगवेगळ्या काळातलं जुनं फर्निचर, शोभेच्या वस्तू त्या उघड्या भिंतींमध्ये आणून मांडल्या. भावाचा आग्रह भिंतींशी, दारांशी आणि छताशी थांबला होता, म्हणून तिला ते करता आलं. लोसचंही पुढे असंच म्हणणं होतं की भिंती वास्तुकाराच्या, पण हलवता येणाऱ्या वस्तू राहणाऱ्याच्या. एवढ्या आग्रही माणसाच्या घरातही बहिणीच्या खुर्चीला जागा राहिली. गोष्टीतल्या श्रीमंताच्या घरात नातवाच्या चित्राला नव्हती.

इथे कांटकडे पुन्हा एकदा वळतो. त्याच ग्रंथात त्यानं सौंदर्याचे दोन प्रकार केले. एक स्वायत्त : वस्तू कशासाठी आहे याचा विचार न करता जे सुंदर वाटतं ते. दुसरं परायत्त : वस्तू कशासाठी आहे हे लक्षात घेऊनच ज्याचा निर्णय होतो ते. रा. भा. पाटणकरांच्या १९७४ सालच्या ‘सौंदर्यमीमांसे’त कांटचा सविस्तर विचार आहे, तो जिज्ञासूंनी जरूर पाहावा. आपल्या कामाची गंमत अशी की, कांटच्या स्वायत्त सौंदर्याच्या उदाहरणांत फुलं आहेत, पक्षी आहेत, आणि भिंतीवर लावायच्या कागदावरची पानांची नक्षीही आहे. वॉलपेपर! आणि परायत्ताच्या उदाहरणांत इमारती आहेत, चर्च, राजवाडा, बागेतलं घर. म्हणजे वॉलपेपर नुसता पाहून सुंदर म्हणता येईल. पण तो ज्या घरात लावायचा, ते घर नुसतं पाहून सुंदर म्हणता येणार नाही. त्यासाठी तिथे कोण राहतं, काय करतं हे ठाऊक हवं.

आजची मोठी अडचण हीच आहे. घराचा निकाल एका दिवसात लागतो. ज्या दिवशी किल्ली द्यायची, त्याच्या आदल्या दिवशी फोटो काढले जातात. त्या फोटोंत माणूस नसतो. ओला टॉवेल नसतो, गोळ्यांची पाकिटं नसतात, चार्जरची वायर नसते, दळणाचा डबा नसतो. देवघर असतं, पण उदबत्ती लागलेली नसते. ती वर्षभर लागली की वरच्या पांढऱ्याशुभ्र पीओपीवर काय होतं ते तुम्ही पाहिलं असेल. त्या फोटोंवर डिझायनरला पुढचं काम मिळतं. म्हणजे या व्यवसायात यश ज्या क्षणावर मोजलं जातं, तो क्षण घरात जगणं सुरू होण्याच्या आधीचा आहे. नाटकाचं नेपथ्य पडदा उघडल्यावर, नट त्यावर वावरायला लागल्यावर आपण जोखतो. घराचं मात्र पडदा उघडण्याआधीच कौतुक करून मोकळे होतो.

पण मग डिझायनरची गरजच नाही का? राहणाऱ्यानं आपलं आपण पाहावं का? तसं मी म्हणत नाही, आणि त्यासाठी तिसरं उदाहरण घेतो. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की. याही व्हिएन्नाच्याच, आणि तिथल्या गरिबांच्या वसाहतींच्या कामात त्या काही काळ लोसबरोबर होत्या. १९२६ साली त्यांनी फ्रांकफुर्ट शहराच्या नव्या कामगारवस्त्यांसाठी एक स्वयंपाकघर आखलं. सुमारे सहा फूट रुंद आणि अकरा फूट लांब. आगगाडीच्या भोजनडब्यातलं स्वयंपाकघर त्यांनी अभ्यासलं, बाईला किती पावलं टाकावी लागतात, कुठल्या कामाला किती वेळ लागतो हे मोजलं. खिडकीखाली कामाचा ओटा, समोर बसून काम करता येईल असं फिरतं स्टूल, डाळ-साखरेसाठी हाताशी ओढता येणारे धातूचे खण. असं स्वयंपाकघर सुमारे १०,००० घरांत बसवलं गेलं. आज आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो त्याची ही आजी.

याला मी या व्यवसायाची सर्वांत भक्कम बाजू मानतो. कारण ज्या बाईला थकवा जाणवत होता, तिला त्याचं कारण शोधायला ना वेळ होता ना साधन. ते कुणीतरी मोजायला हवं होतं. सवयीमुळे राहणाऱ्याला स्वतःच्या घरातली गैरसोय दिसेनाशी होते. बाहेरच्या जाणत्या माणसाला ती दिसते. डिझायनरचा खरा अधिकार इथून येतो. त्याची रुची आपल्यापेक्षा वरची आहे, यातून तो येत नाही.

आणि तरी बघा, याच लिहोत्स्कीबाईंनी पुढे सांगितलंय की ते स्वयंपाकघर आखण्याआधी त्यांनी कधी स्वयंपाक केला नव्हता, घर चालवलं नव्हतं. पावलं मोजता आली. पण स्वयंपाकघरात जेवायला बसण्याची, मुलांनी आईच्या पायात घुटमळण्याची, दोघींनी मिळून काम करण्याची सवय त्या अकरा फुटांत मावत नव्हती. पुढच्या पिढीतल्या स्त्रीवाद्यांनी नेमकी हीच टीका केली की, या खोलीनं बाईचं काम हलकं केलं आणि बाईला एकटं पाडलं. मोजमाप अचूक होतं, पण ते एका वेळी एकाच बाईचं होतं.

आता आपल्या ओट्याकडे या. जुन्या घरात बाई चुलीपुढे बसून स्वयंपाक करायची. ओटा आला आणि ती उभी राहिली. पाठीचं दुखणं कमी झालं, काहींच्या पायांचं वाढलं. हा ओटा किती उंच असावा? सर्वसाधारण नियम असा की, उभं राहून हात कोपरात वाकवला तर कोपराच्या चार-पाच इंच खाली. म्हणजे उंची ओट्याची ठरवायची नसते, ती बाईच्या कोपरावरून घ्यायची असते. त्यातही पोळ्या लाटायला जोर लागतो, तिथे ओटा जरा खाली बरा. भांडी घासायला हात खोल जातो, तिथे सिंकची कड जरा वर बरी. माझी एक मावसबहीण चार फूट दहा इंच उंचीची. तिच्या नव्या किचनमधला ओटा चौतीस इंचांवर. ती पाट ठेवून त्यावर उभी राहून पोळ्या लाटते. किचन फार देखणं आहे, बरं का! फोटोत पाट दिसत नाही. मी तिला विचारलं, डिझायनरला सांगितलं नाहीस का? ती म्हणाली, “अरे, त्यांनी रंग विचारला, हँडल विचारलं, माझी उंची कुणी विचारलीच नाही.”

या एका वाक्यात मला अख्खी समीक्षा दिसते. यजमानाला जे विचारलं जातं ते बहुतेक आवडीविषयी असतं : मॅट की ग्लॉसी, लाकडी की पांढरं. जे विचारायला हवं ते वागण्याविषयी. सकाळी पहिला कोण उठतो? पेपर कुठे बसून वाचतात? घरात गुडघे दुखणारं कोण आहे? लोणच्याच्या बरण्या किती? भाद्रपदात गणपती कुठे बसतो, गौरी उभ्या राहतात का? हा शेवटचा प्रश्न गमतीचा नाही. वर्षातले ते पाच-दहा दिवस ज्या जागेवर मखर येतं, ती जागा उरलेलं वर्षभर रिकामी, किंवा निदान हलवता येईल अशी ठेवावी लागते. भिंतीला कायमचं जखडलेलं टीव्ही युनिट आणि इंग्रजी एल आकाराचा सोफा बसला की घरातला सणच अडचणीत येतो. ‘घर पाहावं बांधून’ अशी म्हण आहे आपल्याकडे. तिच्यातलं ‘पाहावं’ महत्त्वाचं. घर करून बघितल्यावरच कळतं.

जुन्या वाड्यांचा उदो उदो करायला मी उभा नाही. त्या अंधाऱ्या माजघरात कोण किती वेळ काय करत होतं, आणि ओसरीवर कोण बसत होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. पण त्या घरांतले कोनाडे, खुंट्या आणि फडताळं यांचा एक गुण होता. कोनाडा कशासाठी हे ठरलेलं नसे. दिवा ठेवा, चष्मा ठेवा, पोथी ठेवा, चिल्लर ठेवा. आताच्या कपाटात मिक्सरचा खण मिक्सरच्याच मापाचा असतो. मिक्सर बदलला की खण वाया.

चौथं उदाहरण आपल्या अधिक जवळचं, मराठी संस्थानातलं. इंदूरचे यशवंतराव होळकर. इंग्लंडमध्ये शिकत असताना त्यांची एकार्ट मुथेसियुस या तरुण जर्मन वास्तुकाराशी ओळख झाली. दोघंही विशी-पंचविशीतले. १९३० ते १९३३ या काळात मुथेसियुसनं इंदूरला त्यांच्यासाठी माणिकबाग उभं केलं. युरोपात त्या वेळी जे नवंतलं नवं होतं ते तिथे आलं : रुलमान यांचं फर्निचर, आयलीन ग्रे यांची खुर्ची, ल कॉर्ब्युझिए आणि शार्लोत पेरियाँ यांची आरामखुर्ची, आणि मुथेसियुसची स्वतःची कितीतरी आखणी. इथला यजमान गोष्टीतल्या श्रीमंतासारखा नव्हता. महाराजांना आपल्याला काय हवं ते कळत होतं. डिझायनर आणि यजमान यांची मैत्री असेल तर किती दूर जाता येतं, याचं हे उत्तम उदाहरण.

आणि शेवट? यशवंतराव १९६१ साली वारले. १९८० साली माणिकबागेतल्या वस्तूंचा मोनॅकोला लिलाव झाला आणि त्या जगभरच्या संग्राहकांकडे, संग्रहालयांकडे गेल्या. त्या वास्तूत पुढे केंद्र सरकारच्या कर खात्याचं कार्यालय आलं. यात कुणाला दोष देण्याचं कारण नाही; राजवाड्यांची हीच गत झाली. मी फक्त एवढंच नोंदवतो की, तिथली प्रत्येक वस्तू इतकी परिपूर्ण होती की घराबाहेर काढल्यावर तिची किंमत कमी झाली नाही, उलट वाढली. साध्या घरातल्या वस्तूंचं उलटं असतं. आजीचा पाट घराबाहेर काढला की त्याला भंगाराचा भाव. त्याचं मोल त्या घरात, त्या माणसांतच असतं. डिझायनरला पहिल्या प्रकारच्या वस्तू ओळखायला शिकवतात. दुसऱ्या प्रकारच्या वस्तूंशी कसं वागायचं, हे कोण शिकवतं? बहुतेक ठिकाणी पहिली सूचना असते : हे जुनं सगळं काढून टाकू.

आता थोडं या व्यवसायाच्या रचनेविषयी बोलतो, कारण नुसत्या माणसांना नावं ठेवून उपयोग नाही. आपल्याकडे ‘आर्किटेक्ट’ या पदवीला १९७२ च्या कायद्याचं संरक्षण आहे. नोंदणीशिवाय ते नाव लावता येत नाही. ‘इंटिरिअर डिझायनर’ या नावाला असं कुंपण नाही. पाच वर्षं शिकलेली मुलगी आणि काल बोर्ड लावलेला ठेकेदार, यजमानाच्या लेखी दोघं सारखेच. मग ती मुलगी वेगळी कशी ठरणार? झगमगाट करून. दुसरं, मानधन. ते अनेकदा एकूण खर्चाच्या टक्क्यांवर असतं. म्हणजे ‘हे छत आहे तसंच राहू द्या, फॉल्स सीलिंग नको’ असा खरा सल्ला दिला की सल्ला देणाऱ्याचं उत्पन्न घटतं. डॉक्टरची फी औषधांच्या किमतीवर ठरू लागली तर आपल्याला चालेल का? त्यात प्लायवूडच्या किंवा टाइल्सच्या दुकानातून कमिशन घेणारेही आहेत. सगळे घेतात असं नाही, पण यजमानाला कळायला मार्ग नसतो. त्याला आयएस ३०३ चं प्लाय आणि पाण्याला टिकणारं आयएस ७१० चं मरीन प्लाय यांतला फरक सनमायका चिकटवल्यावर दिसत नाही. तो दिसतो तीन पावसाळ्यांनी, सिंकखालचं कपाट फुगल्यावर.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. या कामाला लोक काम मानत नाहीत. ‘जरा येऊन बघ ना, काय करता येईल,’ असं म्हणून नातेवाईक फुकट सल्ला घेतात. चार आराखडे काढून घेतात आणि ते सुताराच्या हातात देऊन मोकळे होतात. विशेषतः बायका या व्यवसायात असल्या की ‘हौस आहे हो तिला’ असं म्हणतात. सल्ल्याचे पैसे द्यायला आपण तयार नसतो, म्हणून सल्ला लाकडाच्या किमतीत लपवावा लागतो. तेव्हा या रोगात आपलाही हात आहे.

आणि एक माणूस या सगळ्या चर्चेत नेहमी सुटतो. सुतार, पॉलिशवाले, रंगारी. आपल्या शहरांत यांतले कितीतरी जण राजस्थानातून, उत्तर प्रदेशातून आलेले असतात आणि काम चालू असताना पुष्कळदा त्याच फ्लॅटमध्ये राहतात. भुशावर सतरंजी टाकून झोपतात, कोपऱ्यात शेगडी मांडून भात-डाळ करतात. त्या घरात पहिला स्वयंपाक त्यांचा होतो. दुपारी ऊन कुठल्या खिडकीतून येतं, रात्री वारा कुठून लागतो, हे यजमानाच्या आणि डिझायनरच्या आधी त्यांना कळलेलं असतं. त्यांना कुणी विचारत नाही. चांगला डिझायनर विचारतो, असं मी पाहिलेलं आहे.

मग समीक्षेची कसोटी काय? मी तीन प्रश्न सुचवतो. पहिला : राहणाऱ्याच्या शरीराचं माप इथे घेतलं गेलंय का? उंची, गुडघे, डोळे, वय. दुसरा : हे घर बदल सोसेल का? मूल दहावीत जाईल, वडील अंथरुणाला खिळतील, कुणी घरून काम करू लागेल. तेव्हा तोडफोड करावी लागेल की नुसतं सरकवून भागेल? तिसरा, लोसच्या गोष्टीतला : नातवानं काढलेलं चित्र लावायला इथे जागा आहे का, आणि ते लावल्यावर घर बिघडल्यासारखं वाटेल की घर झाल्यासारखं? ज्या घराला तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, ते कितीही महाग असलं तरी मी त्याला कच्चं काम म्हणेन.

हे तिन्ही प्रश्न किल्ली देण्याच्या दिवशी सुटत नाहीत. म्हणून शेवटी एक व्यवहाराची सूचना. तुमच्यापैकी कुणी घराचं काम काढणार असेल, तर डिझायनरशी होणाऱ्या करारात एक कलम घाला : एका वर्षानं अर्धा दिवस परत यायचं. त्याचे पैसे वेगळे आणि आधीच ठरलेले. त्या दिवशी आवराआवर करायची नाही. पाट जिथे आहे तिथे राहू दे, खुर्चीवर कपड्यांचा ढीग असेल तर असू दे. डिझायनरनं वही घेऊन नुसतं बघायचं : माणसं कुठे बसतात, काय वापरात नाही, कुठे खिळा ठोकलाय. राहणाऱ्यानं स्वतः ठोकलेला प्रत्येक खिळा म्हणजे आराखड्याला दिलेलं उत्तर असतं. फोटो काढायचे तर त्या दिवशी काढावेत. आणि ज्यांना या विषयावर लिहायचं आहे, त्यांनीही त्याच दिवशी जावं.

माझा वेळ संपत आला. तुमच्यात या व्यवसायातले कुणी असतील, तर त्यांनी आधी बोलावं. त्यांचा आक्षेप मला ऐकायचा आहे. बाकीच्यांचे प्रश्न त्यानंतर घेऊ.